डिमेन्शियाची सेवा: सरकारचं धोरण घरातल्या मावशींपर्यंत कधी पोहोचणार?

आगरवाट | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

माझ्या आईला अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. निदान होऊन सहा वर्षं झाली, वय ८१. आधी गुहागरजवळ गावच्या घरी होती, बाबा गेल्यावर तिला पुण्याला आणलं. आता मी तिला तिची थोरली बहीण वाटते. मीही ताई होऊनच उत्तरं देते.

रोज तिन्हीसांजेला आई पदर खोचून दाराशी उभी राहते. "चला, गुरं यायची वेळ झाली, मला घरी जायचंय." हे घर म्हणजे पुण्याचं नव्हे, गावचंही नव्हे. ते तिचं माहेर, आणि ते पडून चाळीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी समजावत बसायचे, की आई, हेच आपलं घर. ती चिडायची, रडायची, एकदा माझ्या हाताला चावली. मग घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून एक मावशी आल्या. चौथी शिकलेल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दार अडवलं नाही. म्हणाल्या, "जाऊ की आजी. पण गुरं येईस्तोवर एवढी मेथी निवडून घेऊ, सून एकटी काय काय करंल?" आई बसली. जुडी निवडून होईपर्यंत पाऊण तास गेला आणि जायचं राहून गेलं. तेव्हापासून आमच्याकडे रोज मेथी, नाहीतर मटार, नाहीतर गवार असते.

मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्याआधी आलेल्या चौघींनाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं, आणि त्यांतली एक आईला "ओ येड्या आजी" अशी हाक मारायची. ब्युरो माझ्याकडून दिवसाचे ९०० रुपये घेतो, मावशींच्या हातात ६०० पडतात. प्रशिक्षणाचा कागद ब्युरोने कधी दाखवला नाही. मीही मागितला नाही, मागायचा असतो हेच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं तेव्हा आईला पंधरा दिवस एका निवासी केंद्रात ठेवावं लागलं. नाव लिहीत नाही. घ्यायला गेले तेव्हा आई खुर्चीत मान टाकून बसलेली, दोन्ही मनगटांवर ओढणीचे वळ. "रात्री उठतात हो, पडल्या तर जबाबदारी आमच्यावर." झोपेची गोळी दिवसातून दोनदा. चालत गेलेली आई व्हीलचेअरवरून परत आली, पुन्हा चालायला तीन महिने लागले. तक्रार करायला निघाले तर कुणाकडे जायचं तेच कळेना. पोलीस, धर्मादाय, आरोग्य खातं, समाजकल्याण, सगळीकडे पुढच्या दाराकडे बोट.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात-साडेसात जणांना. हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या ज्येष्ठांच्या डिमेन्शियाच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज. २०१० च्या अहवालात ३७ लाख होते. मोजायची पद्धत वेगळी होती हे मान्य, तरी आकडा कुठे चाललाय ते दिसतंच. ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम आहे, मानसिक आरोग्याचाही आहे, डिमेन्शिया मात्र दोहोंच्या फटीत पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. आईसारख्या माणसाला अनोळखी वॉर्डात ॲडमिट करण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. त्या पाच लाखांतला एक रुपयाही मावशींच्या पगाराला किंवा डायपरला लागत नाही.

आरोग्य हा राज्याचा विषय आहे, म्हणून मी मुंबईकडे बघतेय, दिल्लीकडे नाही. धोरणाची चर्चा निघाली की सुरुवात एमआरआयपासून, मेमरी क्लिनिकपासून (विसराळूपणाच्या तपासणी केंद्रापासून) होते. माझं म्हणणं, ती आईला आंघोळ घालणाऱ्या हातांपासून व्हावी. ते हात शिकलेले असावेत, त्यांना नीट पगार मिळावा, आणि ते चुकले तर दाद मागायला एकच दार असावं. मला निवेदन तयार करून आमच्या आमदारांकडे न्यायचंय. तुमचे अनुभव, माहिती, विरोध, सगळं लिहा.

पिंपळपार | रविवार, रात्री १०.१५

ओढणीचे वळ वाचून पुढे वाचवेना. सासूबाईंचं आमच्याकडे चौथं वर्ष आहे. सवडीने लिहिते.

सरळ_बोल | रविवार, रात्री १०.५०

ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. माझ्या आजीला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. आजाराला नावसुद्धा नव्हतं, म्हातारचळ लागला म्हणायचे. वाड्यात चौदा माणसं. आजी परसात फिरायची, लांब गेली तर कुणीतरी हात धरून आणायचं. सरकार आलं की टेंडर येणार, टेंडर आलं की ठेकेदार येणार, आणि मावशींच्या सहाशेचे चारशे होणार. अंगणवाडीच्या बायकांना मानधनासाठी मोर्चे काढावे लागतात तिथे हे नवं कुठून पेलणार? घराने करायचं काम घरानेच करावं.

आगरवाट | रविवार, रात्री ११.०५

ठेकेदाराची भीती मलाही आहे, ती निवेदनात घालते. एकच विचारते. चौदा माणसांतलं आजींना आंघोळ कोण घालायचं?

सरळ_बोल | रविवार, रात्री ११.३०

काकू.

सहा वर्षं काकू माहेरी गेली नाही. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नालासुद्धा नाही. हे आज लिहिताना लक्षात आलं. तेव्हा मी नववी-दहावीत होतो.

कडेपठार | सोमवार, सकाळी ७.२०

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात काम करतो. धागाकर्तीचं म्हणणं पटतं, पण निदानाला इतकं मागे टाकू नका. चुकीच्या निदानावर चांगली सेवा उभी राहत नाही.

गेल्या वर्षीची एक आजी. मुलगा घेऊन आला, "सगळं इसरती." आमच्या ठरलेल्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न, आज तारीख काय? आजी म्हणाली, "तारीख न्हाई ठाव. काल संकष्ट हुती, आज पंचमी." शंभर टक्के बरोबर! कागदावर गुण शून्य. पुढचा प्रश्न, घड्याळ काढून दाखवा. जन्मात पेन्सिल न धरलेल्या हाताला. आणि त्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले, ३० पैकी २७ गुण. त्यांच्या पत्नीने सांगितलं की पेन्शन काढून परत येताना तीनदा घर चुकले. आजार मुख्याध्यापकांना होता. आजींचं बी१२ जीवनसत्त्व तळाला गेलं होतं आणि कानाने ऐकू येत नव्हतं. इंजेक्शनं दिली, श्रवणयंत्र लावलं, सहा महिन्यांनी आजी बाजारहाट करायला लागल्या. थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त, ही सगळी सोंगं डिमेन्शियासारखीच दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या लोकांसाठी, कमी शिकलेल्यांसाठीसुद्धा, चाचण्यांचा संच तयार केला हे फार चांगलं झालं. पण त्याची पहिली आवृत्ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत आली. मराठी त्यात नव्हती. भाषेचं काम राज्याने मागे लागून करून घ्यायचं असतं.

दुसरं, गोळ्यांबद्दल. रिस्पेरिडोन, क्विटियापिन, हॅलोपेरिडॉल ही तीव्र मनोविकारांवरची औषधं डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या गटातल्या औषधांबद्दल दिला आणि २००८ मध्ये जुन्यांनाही लावला. कधी कधी ती द्यावी लागतात, मीही देतो. कमी मात्रेत, ठरावीक आठवड्यांसाठी, घरच्यांना सांगून. माणूस शांत बसावा म्हणून सरसकट देणं हा वेगळा प्रकार. ब्रिटनमध्ये २००९ च्या सरकारी अहवालाने हिशेब मांडला: डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० लोकांना ही औषधं चालू होती आणि त्यापायी वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत होते. आकडा समोर आल्यावर सरकारने प्रमाण कमी करायचं ठरवलं, मोजणी लावली आणि ते खरंच खाली आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त मोजलं. तुमच्या निवेदनात ही मागणी घाला: प्रत्येक निवासी केंद्राने किती जणांना अशा गोळ्या चालू आहेत आणि किती जणांना बांधावं लागलं, हे दर तिमाहीला जिल्हा रुग्णालयाला कळवायचं.

गटप्रवर्तक_ताई | सोमवार, दुपारी १.१०

डॉक्टर, प्रश्न विचारायचं काम खेड्यात आधीच चालू आहे. आशा घरोघर जो सीबॅकचा (आजारांच्या प्राथमिक तपासणीचा) फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर 'हो' आलं की पुढे पाठवा म्हणून लिहिलंय. माझ्याकडे २२ आशा आहेत, डोंगरातल्या वाड्या-वस्त्या. पुढे पाठवायचं कुठे? उपकेंद्रातली सिस्टर म्हणते पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) न्या, पीएचसी म्हणतं सिव्हिलला. सिव्हिल ६० किलोमीटर. ज्याला एसटीत बसवलं की तो मधेच उतरतो, त्याला कोण नेणार? एक 'हो' लिहायला आशाला अर्धा मिनिट लागतो. त्या 'हो'चं पुढे काय झालं ते एकदाही कुणी विचारलं नाही.

आणि नवीन काम द्याल तर मोबदल्यासकट द्या. आशांच्या डोक्यावर आधीच भरपूर आहे.

मांडवीकाठ | सोमवार, दुपारी ३.४५

याचं उत्तर गोव्यात शोधून झालंय, आणि तेही पंधरा वर्षांहून आधी. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेच्या मंडळींनी अमित डायस, विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने डिमेन्शिया असलेली ८१ कुटुंबं घेतली. निम्म्या घरांत लगेच माणूस पाठवायला सुरुवात केली, उरलेल्यांना सहा महिने थांबवलं, म्हणजे फरक तपासता येईल. घरी जाणारे डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हत्या. साधी स्थानिक माणसं, थोडं शिकवून तयार केलेली, मागे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशकाचा आधार. ती काय करायची? आजार समजावून सांगायची, रात्री उठणं, चिडणं, कपडे फाडणं यावर घरच्यांशी बसून तोडगा काढायची, सरकारी योजनांचे कागद सांगायची, घरातल्या इतरांनी हात लावावा म्हणून बोलायची. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झालेला दिसला. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. महागडं त्यात काहीच नव्हतं. गोवा, कोकण, कोल्हापूर, माणसं सारखीच, घरं सारखीच. पीएचसीमागे असे दोन जण नेमायला काय हरकत आहे?

केरळचंही बघा. २००८ मध्ये त्यांनी गंभीर आजाऱ्यांच्या वेदनाशामक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर) राज्य धोरण केलं, देशात पहिलं, आणि पंचायतींना घरभेटी करणारी नर्स पोसायची सवय लावली. डिमेन्शियासाठी २०१४ च्या सुमारास समाजकल्याण खात्याने एआरडीएसआय या अल्झायमरवर काम करणाऱ्या संस्थेला बरोबर घेऊन दिवसभराचं केंद्र आणि निवासी केंद्र उभं केलं. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये वेदनाशामक सेवेचं धोरण केलंय. म्हणजे कागद आहे. पंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ नाही.

नागोयाकर | सोमवार, रात्री ८.३० (इथे मध्यरात्र)

जपानात बारा वर्षं आहे, म्हणून थोडं इथलं लिहितो. आमच्या शहराला लागून ओबू नावाचं गाव आहे. २००७ मध्ये तिथले ९१ वर्षांचे डिमेन्शिया असलेले आजोबा, पत्नीचा क्षणभर डोळा लागला तेवढ्यात घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडले. पत्नी ८५ वर्षांची. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन भरपाई मागितली. खालच्या कोर्टाने ती मंजूर केली! देशभर लोक हादरले, कारण प्रत्येक घरात अशी एक ८५ वर्षांची आजी होती. शेवटी मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदार धरता येणार नाही असा निकाल दिला. सरळ_बोल यांनी 'घराने करावं' लिहिलं तेव्हा मला तीच आजी आठवली. घराने किती करावं याची हद्द कुणीतरी आखायला लागते.

इथे २००० पासून दीर्घकालीन सेवेचा विमा आहे. चाळिशीपुढचे सगळे हप्ता भरतात. मग गरज पडली की नगरपालिकेचा माणूस घरी येऊन पायरी ठरवतो, खर्चातला दहा ते तीस टक्के भाग आपण द्यायचा. माझ्या शेजारच्या आजींना सकाळी नऊला छोटी गाडी न्यायला येते, दुपारी चारला आणून सोडते. आंघोळ तिथेच होते. सून तेवढ्या वेळात नोकरी करते. निवासी घरंही लहान, एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं, स्वयंपाकघर मधोमध, कुणी भाजी चिरतंय, कुणी घड्या घालतंय. आगरवाट यांच्या मावशींनी जे मेथीच्या जुडीने केलं, ते इथे धोरण म्हणून केलं जातं.

एक गोष्ट पैशाविना झाली. पूर्वी इथे या आजारासाठी जो शब्द होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये सरकारने तो बदलला, सगळ्या कागदांवरून काढला. दुसऱ्या वर्षापासून दुकानदार, बँकेतले लोक, शाळेतली मुलं यांना दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला लागले. आज असे लोक एक कोटीच्या पुष्कळ पुढे आहेत. आपल्याकडे अजून 'साठी बुद्धी नाठी' चालू आहे.

सरळ_बोल | सोमवार, रात्री ९.००

विम्याचा मुद्दा पटला. आपल्याकडे पगारदार किती आणि हप्ता कोण भरणार, हे अवघड आहे. पण सकाळी नऊ ते चारची गाडी तालुक्याच्या गावीसुद्धा जमेल. विरंगुळा केंद्रं आहेत, बरीच सकाळी रिकामी असतात. काकूला असे सात तास मिळाले असते तर ती लग्नाला गेली असती.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०.२०

कायद्याचं थोडं. आगरवाट यांना दार सापडलं नाही यात त्यांची चूक नाही. दार बांधायला काढलं होतं, अर्धवट राहिलं.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. त्यात निवासी केंद्रांची सक्तीची नोंदणी होती, किमान दर्जा होता, आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी होती. म्हणजे थेट तुमचा ब्युरो! स्थायी समितीकडे गेलं, अहवाल आला, पण मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. राज्याला स्वतःचा कायदा करायला कुणी अडवलेलं नाही. मसुदा आयता पडलाय, तो उचला.

दुसरं दुखणं बँकेचं. आईच्या नावावरची एफडी मोडून तिच्याच डायपरला वापरायची तरी सही लागते. लोक माझ्याकडे मुखत्यारपत्र घेऊन येतात. आपल्याकडे माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं, करार कायद्यातच तसं आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायची सोय होती. २०१७ चा नवा कायदा आला, तो रुग्णाच्या हक्कांच्या बाबतीत चांगला आहे, उपचारांपुरता प्रतिनिधी नेमता येतो, पण मालमत्तेचं ते प्रकरण गळलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा दिव्यांगांसाठीच्या नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यातही डिमेन्शिया नाही. म्हणून आज कुटुंबांना रिट घेऊन उच्च न्यायालयात यावं लागतं. मुंबई उच्च न्यायालय असे पालक नेमतं, पण सिंधुदुर्गातल्या शिक्षकाने त्यासाठी उच्च न्यायालयात किती खेटे घालायचे? दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेला प्राधिकारी ते देऊ शकतो. राज्याने डिमेन्शियासाठी हा रस्ता स्पष्ट करून एक नमुना अर्ज आणि मुदत ठरवली तर निम्मा त्रास जाईल. दुरुपयोगाची भीती खरी आहे, वर्षाला हिशेब द्यायची अट हवीच.

आणि ज्यांचं निदान नुकतंच झालंय, आई-बाबांना अजून कळतंय, त्यांनी खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं आजच करून घ्या.

रातपाळी | मंगळवार, रात्री ११.४०

मी हे काम करते. नऊ वर्षं झाली. मी सांगते तसं मुलगी लिहून देतीये.

सगळे मावशींबद्दल बोलताय, बरं वाटलं. आमचं पण ऐका. बारा तासांची पाळी असते. एका घरात मला जेवायला जागा नव्हती, जिन्यात बसून डबा खायचे. आजी पाकीट स्वतः गादीखाली ठेवायच्या आणि मावशीने नेलं म्हणायच्या. आजींचा राग नाही, त्यांना आजार आहे. पण घरच्यांनी माझी पिशवी उलटी केली. पेशंट मारतात, ओरबाडतात, ते पण चालतं. उचलायचं कसं ते कुणी दाखवलं नाही म्हणून माझी कंबर गेली. नंतर एका घरी फिजिओवाली मुलगी यायची, तिने दाखवलं, चादर अंगाखाली घालून कुशीवर कसं घ्यायचं. दहा मिनटाचं काम होतं. नऊ वर्षांत तेवढं एकच शिकवणं मिळालं.

एका आजोबांकडे तीन वर्षं होते. मला ते आई म्हणायचे. ते गेले तेव्हा मीच तोंडात पाणी घातलं. मी तिथं रडत बसलेली आणि ब्युरोचा फोन, उद्या कुठं पाठवू. पेशंट गेला की आमचा पगार त्याच दिवशी बंद.

मला विचारलं तर ओळखपत्र पाहिजे, म्हणजे वॉचमन रोज अडवणार नाही. आठ-दहा दिवस नीट शिकवा, त्या दिवसांचे पैसे द्या. ब्युरो किती कापतो ते कागदावर असू द्या. आणि आठवड्याला एक सुट्टी.

बांधायचं म्हणताय ते चूकच. पण रात्री एका बाईवर वीस पेशंट असले तर ती काय करंल? मी तसल्या ठिकाणी चार महिने काढलेत. बांधणाऱ्या बाईला बोला, पण वीस पेशंट देणाऱ्या मालकाला पण बोला.

कडेपठार | बुधवार, सकाळी ६.५०

ताई, माझ्या तिमाही मोजणीत तुमचा आकडा पहिला यायला हवा होता. रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक माणूस. आगरवाट, कृपया दुरुस्त करून घ्या.

पिंपळपार | बुधवार, सकाळी ११.३०

रातपाळी ताई, तुम्हालाच विचारते. सासूबाई आंघोळीला अजिबात तयार होत नाहीत. शॉवर सुरू केला की किंचाळतात, शेजारी येऊन बघून जातात. आठ-आठ दिवस नुसतं अंग पुसून काढतो. मला फार अपराधी वाटतं.

रातपाळी | बुधवार, रात्री १०.५५

ताई, शॉवर बंद करा. डोक्यावरनं एकदम पाणी आलं की त्यांना वाटतं कुणी मारतंय. जुनी माणसं बादलीवर आंघोळ केलेली. पाटावर नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवा, खाली फडकं टाका, नुसतं ओलं असलं की त्या घाबरतात. पाणी आधीच काढून ठेवा, नळाचा आवाज नको. कपडे सगळे एकदम काढू नका, अंगावर पंचा राहू द्या, लाज असती त्यांना, आजारात पण असती. पहिला तांब्या पायावर. मग तांब्या त्यांच्या हातात द्या, त्यांचं त्यांना ओतू द्या. डोकं त्या दिवशी नाही धुतलं तरी चालतं. आणि आरसा असला तर टॉवेल टाका त्याच्यावर, त्यांना परकी बाई बघतीये असं वाटतं.

आगरवाट | गुरुवार, दुपारी १२.१०

मसुदा दुरुस्त केला. सुरुवात आता अशी आहे: घरी आणि केंद्रात सेवा देणाऱ्यांचं पगारी प्रशिक्षण आणि ओळखपत्र, ब्युरो आणि निवासी केंद्रांची नोंदणी, तक्रारीसाठी जिल्ह्याला एकच अधिकारी, रात्री किती रुग्णांमागे एक माणूस, किती जणांना गोळ्या, किती जणांना बांधलं, याची तिमाही मोजणी. त्यानंतर तालुक्याला विरंगुळा केंद्रात नऊ ते चारची सोय आणि न्या-आणायची गाडी, सीबॅकमधल्या 'हो'चा पाठपुरावा करायला पीएचसीला दोन जण, मराठीतली चाचणी, आणि पालकत्वाचा जिल्ह्यातला रस्ता. ठेकेदाराला पोटठेका देता येणार नाही हे वाक्य सरळ_बोल यांच्या शब्दांत घातलंय. मेमरी क्लिनिकची मागणी आहेच, पण ती पानाच्या मध्यावर.

आमदारांनी पुढच्या बुधवारी अकराची वेळ दिली आहे.

पिंपळपार | शुक्रवार, सकाळी ९.०५

झाली आंघोळ. पहिला तांब्या पायावर घातला आणि दुसरा त्यांच्या हातात दिला. थोडा वेळ नुसत्या धरून बसल्या. मग खांद्यावर ओतला आणि आपसूक "गंगे च यमुने चैव" म्हणायला लागल्या. चार वर्षांत त्यांच्या तोंडून मी अख्खी ओळ ऐकली नव्हती.

आगरवाट | शुक्रवार, सकाळी ९.४०

रातपाळी ताई, बुधवारी तुम्ही माझ्याबरोबर आमदारांकडे याल का? तुमचं तुम्ही सांगितलंत तर माझ्या चार पानांची गरज पडणार नाही.

रातपाळी | शुक्रवार, रात्री ११.२०

मंगळवारची रात्रपाळी करून सकाळी आठला सुटते. येते. फक्त रात्री परत ड्यूटी आहे, झोप होणार नाही, म्हणून रात्रीचा खाडा करावा लागेल. तेवढे पैसे जातील.

आगरवाट | शुक्रवार, रात्री ११.३०

पैसे जाणार नाहीत, खाड्याचे मी देते. बुधवारी रात्री तुमच्या पेशंटकडे बदली म्हणून आमच्या मावशी जायला तयार आहेत, त्यांच्याशी बोलून घेतलंय. त्या रात्री आईजवळ मी आहेच. बुधवारी साडेदहाला स्वारगेटला भेटू.